फाटकाशी उकरणारी कोंबडी

धातू शोधणारी यंत्रं नवी नवी निघाली होती, तेव्हाची गोष्ट. असलंच एक यंत्र जुन्या चर्चच्या अंगणात नाणी शोधत होतं. तिथल्या तांबड्या कोंबडीनं अंगण उकरून ठेवलं, म्हणून स्वयंपाकी इनास सणाला तिचाच रस्सा करणार होता.

यंत्र दिवसभर किंचाळलं, पण निघाली बाटल्यांची झाकणं. फाटकाशी तर ते बोंबलतच सुटलं.

“इथं फाटकाचंच लोखंड आहे, दुसरं काही नाही,” यंत्र म्हणालं.

“अरे शहाण्या, पूर्वी बायका दानाचं नाणं पदराला बांधून आणायच्या. गाठ सोडायच्या इथंच. हातातून निसटलं तर पडणार कुठं?” असं म्हणत कोंबडीनं माती उकरली.

तांब्याची आठ नाणी वर आली. तिच्या कलकलाटानं फादर धावत आले.

यंत्र पिशवीत गेलं. सणाला इनासनं झकास रस्सा केला, वांग्याचा.