धर्मशाळेपुढचा हुतूतू

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात दोन जिवलग मित्र राहत होते. एक लोहाराचा सटवा, दुसरा कोष्ट्याचा म्हाळू. दिवस कलला की दोघे चावडीमागच्या मैदानात हुतूतू खेळायला जात. म्हाळूचा दम साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेला. तो चढाईला गेला की त्याचं ‘हुतूतूतू’ नदीपलीकडच्या गुराख्यांनाही ऐकू जाई.

एका उन्हाळ्यात खेळताना म्हाळूचा गुडघा दुखावला. वैद्याने खेळ बंद करायला सांगितलं. दिवस कसाबसा मागावर निघून जाई, पण संध्याकाळ सरता सरेना. मैदानावरचा गलका घरी बसून ऐकवत नसे, म्हणून तो गावाबाहेरच्या पडक्या धर्मशाळेत जाऊन बसू लागला. तिथं एक परका माणूस उतरला होता. त्याच्याकडे गांजाची चिलीम होती. पहिला झुरका त्याने हौसेनं दिला. पुढे गुडघा बरा झाला, पण म्हाळू मैदानावर परतला नाही. हळूहळू गावातली आणखी काही पोरं त्याच्याशेजारी जाऊन बसली.

सटवाला करमेना. खेळ तोच, गडी तेच, पण चढाईला निघताना ‘जा रे सटवा’ म्हणणारा पाठीमागे नव्हता. भात्याशी बसला तरी त्याचं लक्ष कोष्ट्याच्या आळीकडे असे. माग चालल्याचा खटखटाट कानावर आला नाही, की भाता ओढायचा राहून जाई. शेवटी एका संध्याकाळी तो धर्मशाळेत गेला.

“म्हाळू, चल की. गडी वाट बघतायत.”

म्हाळूने चिलीम पुढे केली. “आधी तू बस. आज माझ्यासोबत एक झुरका घे, उद्या मी तुझ्यासोबत येतो.”

सटवाने चिलीम हातात घेतली. एका झुरक्यात मित्र परत मिळत असेल तर काय बिघडलं, असं त्याला खरंच वाटलं. म्हाळू हसला आणि त्याच्यासाठी जागा करायला बाजूला सरकला. तेवढ्या हालचालीनेही त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबता थांबेना. सटवा बघत राहिला. मग त्याने चिलीम खाली ठेवली.

“मला तू हवा आहेस रे. पण दोघंही इथं बसलो, तर आपल्याला उठवायला कोण येणार?”

“मग येत जाऊ नकोस,” असं म्हणून म्हाळूने तोंड फिरवलं.

सटवा तडक पाटलाकडे गेला. “पाटीलबाबा, हुतूतूचं मैदान धर्मशाळेपुढच्या माळावर न्यायचंय.”

पाटील म्हणाले, “लेकरा, नासका आंबा अढीतून बाहेर काढतात. तू तर चांगले आंबेच त्याच्याजवळ नेऊन ठेवतोयस.”

“आंबा फेकून देता येतो, बाबा. म्हाळूला कुठं फेकायचं? आणि तुम्ही सगळे तिथं येऊन बसलात, तर भीती कसली?”

पाटलांनी काठी उचलली. “चल, माळ दाखव.”

गावाने माळावरचे दगड वेचले, काटे काढले, रेघा आखल्या. रोज संध्याकाळी तिथं खेळ रंगू लागला. म्हातारेकोतारे धर्मशाळेच्या पायऱ्यांवर बसत, बायका पाण्याच्या घागरी आणून ठेवत. इतक्या डोळ्यांसमोर परक्या माणसाचं काही चालेना. एका सकाळी तो गाठोडं उचलून निघून गेला. एखादा गडी कमी पडला, की पाटील आत वळून हाक मारत, “अरे, येता का कोणी?” एकेक पोरगा उठून येऊ लागला.

म्हाळू मात्र खांबाला टेकून नुसता बघत राही. परका गेल्यापासून त्याला चिलीम मिळत नव्हती. सटवा खेळता खेळता दर थोड्या वेळाने खांबाकडे बघे.

पावसाळा सरल्यावर एकदा म्हाळू पायऱ्या उतरून आला आणि चढाईला गेला. त्याने ‘हुतूतू’ सुरू केलं, पण चार पावलांत दम तुटला. म्हाळू मान खाली घालून परत निघाला.

सटवाने त्याचा दंड धरला. “चढाई राहू दे. तू समोरच्या बाजूला कोपऱ्यात उभा राहा. पकड करणाऱ्याला दम घुमवावा लागत नाही.”

म्हाळू उभा राहिला. सटवा चढाई करत आत शिरला आणि मागे वळणार तोच कोपऱ्यातून झेप आली. म्हाळूने त्याचा घोटा दोन्ही हातांनी आवळून धरला. सटवा तोंडावर आपटला, बाद झाला. पंचाने ‘सोड’ म्हटलं तरी पकड सैल होईना. सटवानेही पाय ओढून घेतला नाही.

म्हाळू पुढे पंचक्रोशीतला नावाजलेला पकड करणारा गडी झाला. त्याचा पहिला दम मात्र पुन्हा आला नाही. नदीपलीकडून वारा आला, की सटवाचे कान अजूनही ते जुनं, लांबलचक ‘हुतूतूतू’ शोधत राहत.

तात्पर्य: रिकाम्या संध्याकाळी व्यसन येऊन बसतं. वाट चुकलेल्याला लांबून हाका मारून भागत नाही. साऱ्या गावाने खेळ त्याच्या दारापर्यंत न्यावा, आणि तोही फार उशीर होण्याआधी.