डाव्या हाताने जेवणारा हिरो

“...पण बुवा, माणूस आधी काय विसरतो? नावं, की माणसं?”

रेवणबुवांनी शेंग फोडली. दाणे सुपात पडले, टरफल बाजूला गेलं.

“कोण विसरलं?”

 श्रीरंगने नुसतं पाराकडे पाहिलं.

मठीचं अंगण संपतं तिथे चिंचेचं झाड आहे, आणि झाडाला दगडी पार. पारावर त्याची आई अनसूयाबाई पाय सोडून बसली होती. मांडीशी कापडी पिशवी, पायात चपला. एरवी मठीत आली की ती आधी चपला काढायची, मग बोलायची. आज ती अंगणात आलीच नाही. चारच्या एसटीने गावी निघालेल्या बाईने चपला काढायच्या कशाला?

फाटा हाकेच्या अंतरावर होता. एसटी आली की तिचा हॉर्न इथवर ऐकू येई.

“अजून थोडा वेळ आहे,” श्रीरंग दबक्या आवाजात म्हणाला. “तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. माझ्याकडेच राहा म्हणावं. आणि डॉक्टरकडे चल म्हणावं.”

“कसला डॉक्टर?”

“...मेंदूचा.”

बुवांनी पुढची शेंग उचलली. पण फोडली नाही.

श्रीरंग शाळकरी पोर असल्यापासून या ओट्यावर येत होता. आता तालुक्याच्या पतसंस्थेत त्याला खुर्ची होती, डोक्यावरचे केस विरळ झाले होते. पण बुवांनी काही विचारलं की सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची त्याची खोड काही गेली नव्हती. तिला तो खोड म्हणत नसे, हुशारी म्हणत असे.

“मुळापासून सांग,” बुवा म्हणाले.

मूळ होतं सिनेमाच्या खोलीत.

वडील, अण्णा, गेले आणि आई गावच्या घरात एकटी पडली. श्रीरंगने तिला आपल्याकडे आणलं. ती आली, पण पाहुण्यासारखी आली. पिशवी खुंटीला टांगलेलीच राहिली. सुनेने नको म्हटलं तरी दोन भांडी घासायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. विचारलं तर म्हणायची, “बरी हाय की.” आईला सिनेमाचं भारी वेड, हे तर अख्ख्या भावकीला ठाऊक. मग श्रीरंगच्या मनाने घेतलं, आणि त्याने मागची अडगळीची खोली मोकळी केली.

“थोडक्यात भागवलं बुवा, पण असं भागवलं की बघणारा तोंडात बोट घालेल!” त्याचा आवाज आपोआप चढला. “खिडकीला काळा कागद. भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात, त्याने काही होत नाही, मी वाचलंय. मंगल कार्यालयवाल्याने काढून टाकलेला प्रोजेक्टर आणला, पुसूनबिसून चालता केला. मागची बाकं विटांवर फळ्या टाकून उंच केली, पुढच्याचं डोकं आड यायला नको. एक पडदा तेवढा नवा घेतला. तिथे मात्र हात आखडला नाही. त्याला पाठीमागून काळं अस्तर असतं, बुवा. उजेडाचा कण पलीकडे जात नाही.”

“पलीकडं जात नाही?”

“एक कण नाही.”

“अरेरे,” बुवा म्हणाले.

बुवांना हल्ली ऐकू कमी येत असावं, असं श्रीरंगला वाटलं.

“मग? बघितला तिनं सिनेमा?”

“तेच तर सांगतोय. तिचा एक आवडता सिनेमा आहे. लग्न झाल्यावर जत्रेच्या तंबूत अण्णांबरोबर बघितलेला. नंतर जिथे जिथे तंबू लागला तिथे तिथे बघितलेला. मी तो खटपट करून मिळवला. तिला मधल्या बाकावर बसवलं, दिवा घालवला, सुरू केला. पडद्यावर नावं आली, तर ही मोठ्याने वाचायला लागली. आणि वाचता वाचता दचकली. मला म्हणते, रंगा, सिनेमातली अक्षरं वाचता कधीपासनं यायला लागली?”

“शिकलेली आहे ना ती?”

“चौथी पास. रोज पेपर वाचते.”

बुवांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी सूप थोडं बाजूला सारलं आणि मांडी नीट घातली.

“पुढं?”

“पुढे हिरो जेवायला बसला. तर म्हणते, हा त्यो न्हवं. त्यो डावरा हुता. डाव्या हातानं जेवायचा.”

“आणि हा?”

“हा उजव्या हाताने जेवतो! बुवा, सिनेमात हिरोला डाव्या हाताने कोण जेवायला बसवेल?”

“मग?”

“मग ती बैलगाडी. नवरी गाडीत बसते, सासरी निघते. एवढ्या प्रसंगासाठी आई सबंध सिनेमा बघायची म्हणे. गाडी निघाली आणि ही ताडकन उभी. ‘गाडी भलतीकडं चालली,’ म्हणाली आणि बाहेर गेली. त्यानंतर खोलीत पाऊल नाही. मी सिनेमा लावला की दाराबाहेर बसते. नुसता आवाज ऐकते...”

तो थांबला. पाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

“मी बायकोला म्हणालो, आईचं काही खरं दिसत नाही, डॉक्टरची वेळ घेऊ या. ते आईने ऐकलं. सकाळी बघतो तर पिशवी भरलेली.”

 बुवांनी एकदम पाराकडे तोंड करून हाक दिली.

“अनसूयाबाई! तुमचा तो हिरो कसा होता हो?”

“देखणा!” पारावरून तत्काळ उत्तर आलं. “पन डावरा. आमी बायका हळहळायचो बगा. येवढं राजबिंडं पोर, आन आईनं वळण म्हनून लावलं न्हाई.”

श्रीरंगने कपाळाला हात लावला. “ऐकलंत?”

“ऐकतोय.” बुवांनी पुन्हा हाक दिली. “आणि तंबू कसा होता?”

“तंबू ब्येस हुता. सुरू व्हायच्या आदी पडद्याला पानी मारायचे, बादलीनं. शिंतोडे आमच्या अंगावर. पोरं अशी वरडायची!” आई हसली असावी. मग तिला आठवलं, की आपण रागावलो आहोत. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि तोंड वळवलं.

“पडद्याला पाणी,” श्रीरंग पुटपुटला. “हे आणखी नवीन निघालं. पडद्याला पाणी कोण मारेल, बुवा? आहे तो पडदासुद्धा वाया जायचा.”

बुवा उठले.

विहिरीच्या कठड्याजवळ बादलीत त्यांचं धोतर खळबळून ठेवलं होतं. रोज ते पिळून, दुहेरी घडी घालून वाळत टाकत. आज पिळलं नाही. तसंच निथळत उचललं आणि अंगणाच्या मधोमध बांधलेल्या दोरीवर एकेरी पसरलं. काठाला चिमटे लावले. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलं पांढरं कापड ताणलं गेलं. अलीकडे ओटा, पलीकडे पार.

आई कापडाआड गेली. खालून फक्त तिची पावलं दिसत होती. चपला घातलेली.

“बुवा, एसटी यायची वेळ झाली...”

“इकडं ये. असा माझ्या शेजारी उभा राहा.”

मठीच्या कौलांवरून ऊन अंगणात उतरलं होतं. ते दोघांच्या पाठीवर होतं. बुवांनी हात वर केला, दोन बोटं शिंगांसारखी उभारली. ओल्या कापडावर बैल उमटला.

श्रीरंगला हसू आलं. लहानपणी बुवांनी असा बैल कंदिलापुढे कितीदा केला असेल.

बैल हळूहळू चालू लागला.

“कुणीकडं चालला?”

“उजवीकडे,” श्रीरंग लगेच म्हणाला.

“डावीकडं!” कापडापलीकडून आवाज आला.

श्रीरंगने सुस्कारा सोडला. “हे असं होतं, बुवा. आता उजवं-डावंसुद्धा तिला...”

“परत बघ.”

बैल मागे आला आणि पुन्हा निघाला. कापडातून थेंब टपटपत होते. श्रीरंग बघत होता. बैल चालत चालत अगदी टोकाला गेला.

“कुठं गेला?”

“विहिरीकडे.”

“अनसूयाबाई, बैल कुठं गेला?”

“विहिरीकडं की! दिसतंय न्हवं?”

श्रीरंगने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर आलं होतं आणि तिथेच राहिलं.

तो कापडाकडे बघत राहिला. मग विहिरीकडे. मग परत कापडाकडे.

“...आई.”

“काय?”

“तंबूत तू कुठं बसायचीस?”

“कुठं म्हंजी? बायका बसायच्या तिथं. पडद्यामागं.” आईचा आवाज असा, जणू सूर्य कुठे उगवतो असं कुणी विचारलंय. “पुढं बाप्ये, मागं बायका, मदी पडदा. त्यो भिजवल्याबिगर चित्र आरपार येतंय व्हय? तुला म्हाईत न्हाई?”

“नाही.”

“इचारलंस कदी?”

 बुवा ओट्यावर जाऊन बसले. सूप पुढ्यात ओढलं.

कापडामागून आईच बोलू लागली. आधी श्रीरंगशी, मग जणू कापडाशीच.

“तुझा बाप पुढं बसायचा. तंबू सुटला की वाटंनं भांडण. त्यो म्हनायचा, गाडी उजव्या अंगाला गेली. मी म्हनायची, डाव्या. घर येस्तवर त्येच. त्यो हिरोचा हात, त्याच्यावरनंबी तसंच. मी म्हनायची, डावरा हाय. त्यो म्हनायचा, तुलाच डावं दिसतंय सगळं.”

“अण्णांना माहीत नव्हतं? तू मागे बसतेस म्हणून...”

“आसंल की म्हाईत. कबूल कशाला करंल? चिडवायला काय मिळालं आसतं त्येला?” ती हसली. “शेवटी अंथरुणाला खिळला हुता. औषद पाजाया गेले की हळूच म्हनायचा, अन्से, उजवीकडं. मी म्हनायची, डावीकडं, प्या गुमान.”

हसणं थांबलं.

“तुझ्या खोलीत गाडी उजवीकडं गेली, रंगा. त्यो म्हनायचा तशीच गेली. ...आन मी भांडू कुनाशी?”

चिंचेत एक पाखरू फडफडलं. कापडातून टपकणारे थेंब आता लांब लांब पडू लागले होते.

 श्रीरंगला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्याला लगेच काहीतरी दुरुस्त करायला हवं असे.

“बुवा, मी तो पडदा काढतो. नवा आहे, असू दे. मांजरपाटाचं पातळ कापड आणतो आणि खोलीच्या मधोमध टांगतो. पाणी मारतो. बाकं इकडची तिकडे करायला कितीसा वेळ? आई मागे बसेल, मी पुढे बसेन. म्हणजे तिला तिच्यासारखं दिसेल, आणि मला सरळ दिसेल. दोघांचंही काम झालं.” त्याने बुवांकडे पाहिलं. “बरोबर ना?”

बुवांनी शेंग फोडली.

“बुवा, बरोबर ना?”

बुवांनी दुसरी फोडली.

तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला. चारची एसटी.

कापडाखाली पावलं हलली.

 हाक मारावी, धावत जाऊन पिशवी धरावी, असं श्रीरंगला वाटलं.  पण तो खालच्या त्या दोन पावलांकडे बघत राहिला.

हॉर्न पुन्हा वाजला.

एक चप्पल पायातून सुटली आणि मातीत पडली... मग दुसरी.

फाट्यावर एसटीने गियर टाकला, आवाज लांब लांब गेला. गाडी कुणीकडे गेली, ते कुणीच पाहिलं नाही.

“बुवा,” श्रीरंग म्हणाला, “आता मी काय करू?”

रेवणबुवा उठले. त्यांनी धोतराचा काठ चिमटीत धरून पाहिला. उन्हाच्या बाजूने ते सुकायला लागलं होतं. मग त्यांनी शेंगदाण्यांचं सूप श्रीरंगच्या हातात दिलं.

“धोतर वाळायच्या आत पलीकडं जाऊन बस.”