लालीचा रंग

गिटारी अजून आपापसांत बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. शलाकाच्या खोलीत लाली नावाची एक जुनी इलेक्ट्रिक गिटार राहायची. वाजवताना शलाकाचा हात जिथे टेकायचा, तिथला लाल रंग झिजून गेला होता आणि खालच्या लाकडाच्या रेषा ओढ्याच्या पाण्यासारख्या उमटल्या होत्या.

शेजारची नवी काळी गिटार म्हणाली, "आजी, अंग उघडं पडलंय. शालबिल घ्या की!"

"उकडतंय गं," लाली म्हणाली.

तेवढ्यात ड्रम वाजवणारा दिगंत आला. "उद्या कार्यक्रम, आणि हिचा हा अवतार? रंगव की जरा!"

"उद्या रंगवतेच," शलाका हसून म्हणाली.

लालीच्या तारा थरथरल्या. "इतकी वर्षं मी स्वतःला लाल समजत होते," ती म्हणाली. "मी झाड होते, हे आत्ता कुठे दिसायला लागलं. आणि आता पुन्हा झाकणार!"



दुसऱ्या दिवशी ना ब्रश आला, ना रंगाचा डबा. शलाका लालीला थेट मंचावर घेऊन गेली. तिचा हात त्याच उघड्या जागेवर टेकला आणि पहिल्याच गाण्याला लोक खुर्च्या सोडून नाचू लागले.

"काय रंगली गं मैफल!" दिगंत ओरडला.

"मग? रंगवते म्हणाले नव्हते का?"

घरी आल्यावर काळीने हळूच विचारलं, "आजी, माझ्या रंगाखाली काय असेल हो?"

"दिसेल की," लाली म्हणाली. "आधी वाजायला तर लाग!"