विरजणाची वाटी

एकदा येशूचा संदेश सांगू पाहणारा एक तरुण सुवार्तिक एका चर्चच्या वृद्ध पाळकांच्या हाताखाली सेवा शिकण्यासाठी आडबाजूच्या खेड्यात आला. शांतवन त्याचे नाव. शिक्षणात तो पहिला आला होता. शास्त्रवचने मुखोद्गत, आवाज खणखणीत, आणि उत्साह तर असा, की गावात पाऊल टाकल्यापासून त्याला घडीभर स्वस्थ बसवत नव्हते. वृद्ध पाळकांना सारे गाव पाळकबाबा म्हणे. ते मात्र बहुतेक वेळ स्वस्थ बसलेलेच दिसत.

चर्चसमोर ठकूबाईचे घर होते. तिचा नवरा महारोगाने गेला, त्याला वीस वर्षे झाली होती. तरीही गावात तिच्या हातचे कोणी काही घेत नसे. प्रभूचे प्रेम प्रथम पोहोचवायचे ते याच घरी, असे शांतवनाने ठरवून टाकले. त्याने ज्वारी नेली, नवे ब्लँकेट नेले, नाताळात करंज्यांचा डबा नेला. दर वेळी ठकूबाई दार अर्धे उघडून म्हणे, "ठिवा तितंच." आणि दार लागे. असे सहा महिने गेले. शांतवन मनातून पार खचला. ज्याला समोरचे एक दार उघडता येत नाही, त्याने सुवार्तिक व्हावे तरी कशाला? हे काम सोडून घरी परतावे, असे त्याने जवळजवळ नक्की केले होते.

अशात त्याला एक वेगळेच कोडे पडले. दुपारी जेवताना पाळकबाबा दह्याचे भांडे बोटाने पार निपटून काढत आणि शेवटचे दही शांतवनाच्या ताटात घालत. उद्याच्या विरजणासाठी चमचाभर दही बाजूला ठेवावे, हे नव्या सुनेलाही सांगावे लागत नाही. पण बाबा थेंबभर ठेवतील तर शपथ! मग संध्याकाळी दूध तापवून कोमट झाले, की रिकामी वाटी घेऊन समोरच्या दारी उभे.

"ठकूबाई, जरा विरजण दे गं."

ती आपल्या शेळ्यांच्या दुधाचे दही वाटीत घाली. मग बाबा तिथेच ओट्यावर टेकत, शेळ्यांची विचारपूस करत आणि सावकाश परत येत.

शांतवनाला याची मनस्वी लाज वाटे. जिला आपण द्यायचे, तिच्याच दारी मागायला जायचे? एकदा धीर करून त्याने विचारले, "बाबा, रोज चमचाभर दही ठेवलं तर?"

"उरत नाही रे," बाबा हसून म्हणाले.

म्हातारपणी विसरायला होते, असे समजून शांतवनाने दुसऱ्याच दिवशी गुपचूप चमचाभर दही फडताळात ठेवले आणि संध्याकाळी स्वतःच दुधाला विरजण लावून मोकळा झाला. बाबांनी झाकलेले भांडे पाहिले. हातातली रिकामी वाटी त्यांनी परत ठेवून दिली.

थोड्याच वेळात दाराशी कोणी घुटमळताना दिसले. ठकूबाई होती. हातात दह्याची वाटी. आजवर ती कधी चर्चच्या आवारात आली नव्हती.

"बाबा, आज इरजान न्यायला आला न्हाई," ती चाचरत म्हणाली. "माज्याकडनं काई चुकलं का?"

शांतवनाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"तुझं नाही, चुकलं ते आमच्या घरात," असे म्हणत बाबांनी वाटी घेतली आणि तिच्यासमोरच बोटाने चाटूनपुसून साफ केली. ठकूबाई तोंडाला पदर लावून हसली आणि घरी गेली.

मग बाबा शांतवनाजवळ बसले. "तू चांगल्या मनानं देत होतास, पोरा. पण गावानं तिची भाकरी काढून घेतली नव्हती. तिच्या हातचं घेणं बंद केलं होतं. 'मला तुझी गरज आहे' असं वीस वर्षांत तिला कुणी म्हटलं नव्हतं. मी ते रोज जाऊन म्हणतो. आणि खोटं म्हणायला लागू नये, म्हणून आधी भांडं निपटून घेतो."



दुसऱ्या दिवशी दुपारी दह्याचे भांडे त्याने स्वतः निपटले. संध्याकाळी रिकामी वाटी घेऊन तो समोरच्या दारी गेला. वचने पाठ म्हणणे त्याहून कितीतरी सोपे होते.

"मावशी, विरजण देता का?"

ठकूबाईने त्याच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे पाहिले आणि दार पुरते उघडले. "आत ये. बस."

तिने पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मग स्वतः खाली बसत म्हणाली, "एक इचारू का? बाबा माज्या हातचं खात्यात. ह्ये त्यास्नी कुनी शिकीवलं?"

सहा महिने ज्या प्रश्नाची त्याने वाट पाहिली, तो असा आला, आणि पाठ केलेले एकही प्रवचन त्याला आठवेना. तो साधेपणाने सांगू लागला. भर दुपारी आमचा प्रभू दमून एका विहिरीपाशी बसला होता. तिथे एक बाई पाणी भरायला आली. त्याच्या लोकांनी तिच्या लोकांच्या हातचे काही घ्यायचे नाही, अशी रीत होती. पण तो तिला म्हणाला, मला प्यायला दे.

ठकूबाई कान देऊन ऐकत होती. "मंग? दिलं का तिनं पानी?"

 पहिला आलेला विद्यार्थी तो, पण हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते. तिने पाणी दिले की नाही, ते शास्त्रात लिहिलेले नाही.

त्याने समोरचा तांब्या उचलला. "दिलं असणार, मावशी," तो म्हणाला, आणि घटाघटा पाणी प्यायला.