वेगामागचा माणूस

एकदा एक तरुण इंग्लंडातल्या कोळशाच्या खाणीत काम करी आणि काम सुटल्यावर क्रिकेट खेळे. काळ दीडशे वर्षांपूर्वीचा. त्याचा चेंडू इतका वेगवान, की फलंदाजाचे पाय आपोआप बाजूला सरत. येत्या शनिवारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघाचे निवडकर्ते त्याला पाहायला येणार होते. निवड झाली तर मैदान, नाहीतर जन्मभर खाण.

त्या काळी मैदानातलं गवत मेंढ्या चरून कमी करत. चेंडू वाटेल तसा उसळे. म्हणून यष्टिरक्षकाच्या मागे आणखी एक माणूस उभा करत; निसटलेला चेंडू त्याने अंगावर घ्यायचा. इथे ते काम सायलस नावाच्या पाववाल्याकडे होतं. तरुणाचे निम्मे चेंडू भलतीकडेच जात, आणि सायलसकडून एखादा सुटला की हा खेकसे, "हात आहेत की लाकडं?"

त्याचे वृद्ध वस्ताद एके काळचे नामांकित गोलंदाज. सोमवारी त्यांनी त्याच्या हातातला चेंडूच काढून घेतला.

"शुक्रवारपर्यंत सायलसच्या जागी उभा राहा."

"वस्ताद, शनिवारी माझी परीक्षा आहे! सराव कधी करू?"

"हाच सराव. नीघ."

चेंडू टाकायला दुसरा खाणकामगार आला. याच्याइतकाच सुसाट, याच्याइतकाच आंधळा. पहिल्या दिवशी नडगी सुजली, दुसऱ्या दिवशी अंगठा काळानिळा झाला. तिसऱ्या दिवशी बरगडीत बसला, तसा हा ओरडला, "मेल्या, यष्ट्या दिसत नाहीत का तुला?"

कुंपणावर बसलेल्या सायलसला हसून हसून ठसका लागला.

संध्याकाळी वस्ताद त्याच्या नडगीला तेल चोळत म्हणाले, "वेग देवाने दिला, त्यात तुझं कर्तृत्व ते काय? चेंडू हातातून सुटला की तुला वाटायचं, आपलं काम संपलं. तो कुणाच्या हाडावर जाऊन संपतो, ते आता कळलं. दिशा सांभाळणं, तेवढंच तुझं."

शनिवारी त्याने चेंडू टाकण्याआधीची धाव चार पावलांनी कमी केली. एक निवडकर्ता कुरकुरला, "ऐकलं होतं त्यापेक्षा हळू टाकतो."

"हो," दुसरा म्हणाला, "पण सहा जणांच्या यष्ट्या उडाल्या ना!"

निवड झाली. तरुण धावत सायलसकडे गेला. "इतकं लागत होतं, तर बोलला का नाहीस रे?"

"बोलत होतो की," सायलस म्हणाला. "तू ओरडत होतास."

तरुणाने मान खाली घातली, आणि त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

ज्यांच्या धडाक्याचं घरीदारी कौतुक होतं, त्यांनी एकदा तोंड मिटून मागे वळून बघावं.