चाकांच्या घरातले उंदीर

फार पूर्वी, गाडी ओढायला इंजिन नव्हते, बैल होते, तेव्हाची ही गोष्ट. एक बाहुलीवाला होता. त्याला कुठल्याच गावात घर नव्हते, कारण त्याचे घरच चाकांवर होते. लाकडी भिंती, वर छप्पर, आत चूल, अंथरुणे, धान्याची पेटी आणि दोऱ्यांना टांगलेल्या बाहुल्या. गावात शिरायचे, खेळ करायचा, लोक देतील ते धान्य घ्यायचे आणि पुढची वाट धरायची, असा त्याचा आणि त्याच्या बायकोचा संसार होता.

या गाडीत उंदीर झाले. होणारच! भाकरीचे तुकडे फळ्यांच्या फटीत पडलेले, धान्याच्या पेटीला झाकण नाही, तळाच्या फळीला मूठ जाईल एवढे भोक. आणि गाडी उभी करायची ती नेमकी कडब्याच्या गंजीला चिकटून, कारण तिथे सावली मिळते. उंदरांना आणखी काय हवे?

बायको म्हणे, "अहो, एक दिवस गाडी सगळी रिकामी करू. अंथरुणं उन्हात टाकू, फळ्या धुऊ, ते भोक पत्र्याने बुजवू. पेटीला झाकण करून घेऊ."

"रिकामी?" बाहुलीवाला ओरडे. "चाकावरचं घर रिकामं केलं की चाक थांबतं, असं आजोबा सांगायचे. आणि उंदीर आपले नाहीतच मुळी! आपण फिरस्ते. उंदीर असतात गावांचे. आपण निघालो की ते मागे राहतात."

गाडी झाडू नका, असे काही आजोबांनी सांगितले नव्हते. पण आळस करायचा ठरवला की माणूस मेलेल्या आजोबांनाही कामाला लावतो.

त्या मुलखात एक चांगली रीत होती. पाहुण्याचे गावात नुकसान झाले, तर ज्याच्या दारात तो उतरला त्याने ते भरून द्यायचे. बाहुलीवाल्याने या रीतीचा धंदा केला. एका गावात बाहुल्यांतल्या राजाचा फेटा कुरतडला गेला, तर याने चावडीवर बोंब ठोकून, ज्याच्या दारात गाडी होती त्या विणकराकडून नवी घोंगडी घेतली. पुढच्या गावात राणीचे केस गेले, तर पेढेवाल्याकडून तुपाची बरणी उचलली. पहिल्यांदा त्याला खरेच तसे वाटले असेल, असे धरून चालू. पण दर गावात नवे उंदीर आणि कुरतडलेली गाडी मात्र तीच, एवढे ज्याला कळत नाही, त्याला ते कळून घ्यायचेच नसते!

बायकोला कळत होते. पण ती गप्प बसे, आणि त्या तुपाशी भाकरी तीही खाई. तिचेही चुकत होते, हे सांगायलाच हवे.

असे फिरत फिरत एका संध्याकाळी त्यांनी एका म्हातारीच्या दारात बैल सोडले. म्हातारी लाह्या भाजून विकत असे. अंगण सारवलेले, डब्यांची झाकणे घट्ट, धान्यात कडुलिंबाचा पाला. तिच्याजवळ एक शेळी होती. त्या शेळीच्या दुधावर तिचा आईवेगळा तान्हा नातू वाढत होता.

सकाळी उठून बघतात तर प्रधानाच्या दोऱ्या तुटलेल्या. झाले! बाहुलीवाल्याने पाटलांना बोलावले, गाव गोळा केले.

"हिच्या घरात लाह्या, लाह्यांपायी उंदीर!" तो छाती बडवून सांगू लागला. "माझं पोट ज्याच्यावर, तेच हिच्या उंदरांनी खाल्लं. मला तिची शेळी हवी."

म्हातारी संतापली. "माझ्या घरात एक उंदीर दाखव रे मेल्या! शेळी काय, घर देते तुला."

पण घरात डोकावण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. गाडीतही नाहीत. पाटील म्हणाले, "म्हातारे, पाहुणा तुझ्या दारात उतरलाय. रीत ती रीत." असे न्याय करणारे असले, की खोटे बोलणाऱ्याला फार मेहनत पडत नाही. शेळी सोडून गाडीच्या चाकाला बांधली गेली. आत तान्हे रडू लागले. त्याची दुधाची वेळ झाली होती.

ते रडणे बाहुलीवाल्याच्या बायकोने ऐकले, आणि तिच्याने राहवेना.

"पाटील, आमची गाडी रिकामी करा," ती म्हणाली.

"वेड लागलं का तुला? चाक थांबेल!" नवरा ओरडला.

"थांबू दे!" म्हणत तिने स्वतःच अंथरुणे बाहेर फेकली. मग चूल काढली, बाहुल्या काढल्या आणि शेवटी धान्याची पेटी ओढली. पेटीखाली चिंध्यांचे भले मोठे घरटे होते. त्यात उंदरांची पिल्ले वळवळत होती.

म्हातारी वाकून बघू लागली. "पाटील, नीट बघा. अंगावर केस आलेत, डोळे उघडलेत. ही काय रात्रीतून एवढी झाली? आणि गाडी तर काल आली."

"वाटेत कुठेतरी शिरले असतील," बाहुलीवाला पुटपुटला.

"शिरले नाहीत, आपण पाळलेत," बायको म्हणाली. "विणकराच्या गावात हेच होते, पेढेवाल्याच्या गावातही हेच. मला ठाऊक होतं आणि मी तोंड शिवून बसले." तिने शेळी सोडली आणि म्हातारीच्या हातात दोरी दिली.

पाटील ओशाळले. "चुकलो, म्हातारे."

"चुकलात. आधी बघायचं होतं," म्हातारी म्हणाली आणि दूध काढायला बसली.

पाटलांनी मग सांगितले, "ही गाडी आता पुढे जाणार नाही. धुऊन, भोकं बुजवून मागे जाईल. ज्याचं जे घेतलं ते त्याला द्यायचं, आणि चावडीवर उभं राहून खरं सांगायचं."

गाडी मागे वळली. वाटेत पेढेवाल्याचे गाव लागले. दुकानाला कुलूप होते, आणि पेढेवाला दुसऱ्याच्या विहिरीवर माती उपसत होता. बाहुलीवाल्याने तुपाची पुन्हा भरून आणलेली बरणी त्याच्यापुढे ठेवली.

"हे तूप घेऊन काय करू?" पेढेवाला म्हणाला. "तू ओरडून गेलास की माझ्या दुकानात उंदीर आहेत. त्या दिवसापासून माझा एक पेढा कुणी घेतला नाही."

"मी आज चावडीवर खरं सांगतो."

"सांग. मात्र तू ओरडलास तेव्हा सगळं गाव आलं होतं."

संध्याकाळी बाहुलीवाला चावडीवर उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "उंदीर माझे होते." ऐकायला पाच-सात माणसे होती. त्यांतल्या एकाने जांभई देत विचारले, "बरं, मग खेळ कधी?"

तात्पर्य काय, तर घर चाकांवर असो की जमिनीवर, शेजाऱ्यावर ओरडण्याआधी आपली पेटी हलवून बघा. उंदीर एका दिवसात घालवता येतात. दुसऱ्यावर घेतलेला खोटा आळ मात्र आपण हात जोडले तरी जात नाही.