बाई शिकवतायत

"मग वर्गात होतं कोण?" सोमगीर बाबांनी विचारलं.

"मुलं होती, बाबा. आणि... मी."

"आत्ताच तर म्हणालीस, तू दारात उभी होतीस."

मंजिरी चपला काढून ओसरीच्या कट्ट्यावर टेकली.

टळटळीत दुपार होती. मठासमोरच्या वडाचं पानही हलत नव्हतं.

बाबा पूर्वी शाळामास्तर होते. मंजिरीला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती. पुढे नोकरी सोडून ते नदीकाठच्या या मठात येऊन राहिले. मंजिरी शिक्षिका झाली. रजा काढून तिनं शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली, विद्यापीठात पहिली आली. आज रजा संपवून ती शाळेत गेली, आणि वर्गातून तशीच मागे फिरून इथे आली.

"नीट सांग," बाबा म्हणाले.

"शेवटच्या सत्रात आम्हाला एक काम होतं. शिक्षक नसतानाही शिकणं थांबणार नाही, असा पाठ तयार करायचा. मी माझेच पाठ चित्रित केले. प्रश्न विचारायचा, मुलांना बोलायला वेळ द्यायचा, शाबासकी द्यायची, पुढे जायचं. परीक्षक उभं राहून टाळ्या वाजवत होते, बाबा. सोमवारपासून तालुक्यातल्या सगळ्या शाळांत ते लागणार आहेत."

एवढं बोलताना तिची मान थोडी ताठ झाली.

"मी नव्हते, तेव्हा मुख्याध्यापक वर्गात तेच लावायचे. आज मी दारात पोचले, तर पडद्यावर मी अपूर्णांक शिकवत होते. 'समजलं ना, बाळांनो?' सगळी मुलं एका सुरात म्हणाली, 'हो, बाई.' शेवटच्या बाकावरची तुळसा तेवढी म्हणाली, 'नाही समजलं, बाई.'"

"मग?"

"पडद्यावरची मी हसले. म्हणाले, 'शाब्बास! पुढे जाऊ या.'"

बाबा तिच्याकडे वळले.

"मी तुळसाजवळ गेले. खांद्यावर हात ठेवला. तिनं वर पाहिलं, बाबा. अगदी माझ्या डोळ्यांत. ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'शूऽ... बाई शिकवतायत.'"



"तो पाठ आहे का तुझ्याकडे?"

तिनं पिशवीतून टॅब काढला आणि ओसरीच्या कट्ट्यावर उभा केला. काचेत मंजिरी दिसू लागली. नीटनेटकी, प्रसन्न. डोळ्यांखाली काळं नाही, कपाळावर घाम नाही.

"एका भाकरीचे दोन भाग केले," काचेतली मंजिरी सांगू लागली.

बाबा मांडी घालून ऐकत बसले. मंजिरीही ऐकू लागली. आवाज गोड होता. एकही शब्द अडखळत नव्हता. हळूहळू तिची मान डोलू लागली.

"समजलं ना, बाळांनो?"

पडद्यावरचा चेहरा वाट पाहत राहिला...

"हो, बाई."

बाबांचे ओठ हलले नव्हते.

मंजिरीनं दचकून तोंडावर हात ठेवला.

"शाब्बास!" काचेतली मंजिरी तिच्याकडे पाहत हसली. "पुढे जाऊ या."

भरउन्हात तिच्या अंगावर काटा आला. बंद करायला तिनं हात पुढे केला, पण तो अर्ध्यावरच राहिला. कुणाचं तरी बोलणं मध्येच तोडावं, तसा संकोच तिला वाटला.

बाबा उठले. खांद्यावरचा पंचा काढला, आणि मयताच्या तोंडावर टाकावा तसा हलकेच टॅबवर टाकला.

पंच्याखालून आवाज येतच राहिला.

"बाबा, दोन वर्षं मी जे शिकले, ते सगळं खोटं का?"

"खोटं कसं? ऐक की, किती छान शिकवते ती."

"मग माझं चुकलं कुठे?"

बाबा नदीकडे पाहत होते. पाण्यावर ऊन नुसतं उभं होतं.

पंच्याखाली प्रश्न विचारला गेला. मग शांतता... मग शाबासकी.

"बाबा, काहीतरी बोला!" मंजिरी रडवेली झाली. "मी आता करू तरी काय?"

"शाळा कधी सुटते?"

"पाचला."

बाबांनी तिच्या चपला उचलून तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"पळ. ती पोर अजून 'नाही' म्हणतेय, तोवर पोच."